पेशीच्या वेशीवरचा पहारेकरी

झाशी शहराला चारी बाजूंनी दगडी तट होता आणि त्या तटाला ठिकठिकाणी दरवाजे होते. दतिया, उनाव, ओरछा, सागर, भांडेर अशा ज्या गावांकडे वाटा जात, त्या गावांचीच नावे बहुतेक दरवाज्यांना पडली. पूर्वेकडच्या एका दरवाज्याचे नाव मात्र गावावरून नाही, देवीवरून आहे. तो लक्ष्मी दरवाजा; आज सगळे त्याला लक्ष्मी गेट म्हणतात. त्यातून बाहेर पडले की लक्ष्मीताल लागतो, नेवाळकरांच्या कुलस्वामिनीचे महालक्ष्मीचे देऊळ लागते, आणि तळ्याच्या काठाशी १८५३ च्या नोव्हेंबरात निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्री दिसते. कोकणातून निघालेल्या एका मराठी घराण्याच्या सुखदुःखाची इतकी जवळजवळ असलेली स्मारके बुंदेलखंडात दुसरीकडे क्वचितच सापडतील. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ साली याच शहरात अडकले होते, आणि वेढ्यातले ते दिवस त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले म्हणून मराठी वाचकाला झाशीच्या गल्ल्या परक्या वाटत नाहीत.

तटबंदीच्या शहराचा सारा भरवसा दरवाज्यावरच्या पहारेकऱ्यावर असतो. दिवसभर माणसे येतात, गाड्या येतात, धान्य येते. पहारेकरी एकेकाकडे पाहतो आणि सोडतो. त्याचे काम चोख चालले असले, तर तो कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याची आठवण होते ती घात झाल्यावर. झाशीच्या लोककथेत ओरछा दरवाजा उघडून देणाऱ्या दूल्हाजूचे नाव आजही तिरस्काराने घेतले जाते. इतिहासाच्या अभ्यासकांचे या कथेविषयी एकमत नाही. ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रज शिपाई तटाला शिड्या लावून आणि तोफांनी पाडलेल्या खिंडारातून आत शिरले, हे मात्र निश्चित आहे. पहारेकरी फितूर झाला की बाहेरच्याने तट फोडला, हा वाद इतिहासकारांनी सोडवावा. परंतु मनुष्याच्या शरीरात याच दोन्ही गोष्टी घडतात, आणि तिसरीही एक घडते. त्या घडल्या म्हणजे जो रोग होतो, त्याला आपण कर्करोग म्हणतो.

मानवी शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात असा अंदाज आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या यांपैकी ज्या पेशींना केंद्र असते, त्यांच्या केंद्रात शरीराच्या घडणीची संपूर्ण बखर लिहिलेली असते. ही बखर चारच अक्षरांच्या लिपीत आहे आणि तिची लांबी सुमारे ३०० कोटी अक्षरांची आहे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा तिच्या दोन प्रती अशा पेशीजवळ असतात. बखरीतला जो मजकूर एखादे विशिष्ट प्रथिन कसे बनवावे हे सांगतो, त्याला जनुक म्हणतात. प्रथिन म्हणजे नुसते डाळीतले किंवा दुधातले पोषक द्रव्य नव्हे. पेशीतले कारागीर, हमाल, निरोपे, शिपाई हे सारे प्रथिनांचेच बनलेले असतात.

एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा ही सारी बखर उतरून काढावी लागते. ज्याने कधी जुन्या दफ्तरातल्या नकला पाहिल्या असतील, त्याला या कामातली जोखीम वेगळी सांगायला नको. चांगला कारकूनही शंभर पाने उतरताना कुठे काना विसरतो, कुठे ओळ गाळतो. पेशीतला नक्कलनवीस मात्र विलक्षण काटेकोर आहे. तो लिहिता लिहिता मागे वळून पाहतो, चूक दिसली तर खोडतो, आणि त्याच्या मागून आणखी तपासनीस फिरतात. सर्व तपासण्या पार पडल्यावर साधारण एक अब्ज अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक शिल्लक राहते. त्यात उन्हाची, धुराची, रसायनांची आणि खुद्द पेशीच्याच चुलीतून उडणाऱ्या ठिणग्यांची भर पडते. बखर फाटते, अक्षरे पुसली जातात, कधी दोन ओळी एकमेकींना चिकटतात. अशा फाटक्या बखरीवरून नक्कल काढू दिली, तर चूक कायमची होऊन बसते आणि पिढ्यानपिढ्या उतरत जाते. ती काढू न देणे हेच आपल्या पहारेकऱ्याचे काम.

या पहारेकऱ्याचे नाव मोठे रुक्ष आहे : पी-५३. पी म्हणजे प्रथिन आणि ५३ हा त्याच्या वजनाचा आकडा. १९७९ साली तो सापडला तेव्हा रेणू तोलण्याच्या पद्धतीने त्याचे वजन ५३ हजार एकक भरले. पुढे कळले की ते मोजमाप चुकले होते. या प्रथिनाचा काही भाग असा ताठर आहे की चाळणीतून जाताना ते रेंगाळते आणि आहे त्याहून जड भासते. खरे वजन ४४ हजारांच्या आतच आहे. तोवर नाव रूढ झाले होते, ते कोणी बदलले नाही. सरकारी दप्तरात एकदा चढलेले चुकीचे नाव जसे जन्मभर पाठ सोडत नाही, तसेच हे झाले. हे प्रथिन ३९३ घटकांच्या साखळीचे असून त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे.

मोजमापापेक्षाही मोठी चूक त्याच्या स्वभावाविषयी झाली, आणि ती दहा वर्षे टिकली. माकडांतील एका विषाणूमुळे प्रयोगशाळेतील पेशी कर्करोगी कशा होतात याचा शोध इंग्लंड, अमेरिका व फ्रान्स येथील संशोधक घेत होते. विषाणूच्या प्रथिनाला पकडले की त्याच्या गळ्यात गळा घालून आणखी एक प्रथिन बाहेर येई. डेव्हिड लेन, आर्नल्ड लेव्हिन आणि आणखी काही जणांनी ते एकाच सुमारास टिपले. कर्करोगी पेशींत ते भरपूर सापडे, निरोगी पेशींत जवळजवळ नसे. मग निष्कर्ष उघडच वाटला : हाच तो गुन्हेगार. काही प्रयोगांत त्याचे जनुक घातल्यावर पेशी बेफाम वाढतही. त्यामुळे कर्करोग घडवणाऱ्या जनुकांच्या यादीत त्याचे नाव नोंदले गेले.

१९८९ साली हा आरोप कोसळला. प्रयोगांत वापरलेली जनुके मुळातच बिघडलेली होती, कर्करोगी पेशींतून काढलेली होती, हे ध्यानात आले. निर्दोष जनुक वापरताच उलटा प्रत्यय आला. पेशींची वाढ थांबू लागली. त्याच वर्षी अमेरिकेत बर्ट फोगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे जनुक एका प्रतीत गळालेले व दुसरीत बिघडलेले असल्याचे दाखवले. ज्याला दहा वर्षे मारेकरी समजले, तो मारला गेलेला पहारेकरी होता. घटनास्थळी तो नेहमी सापडे, कारण त्याचे प्रेत तिथेच पडलेले असे. १९९२ साली लेन यांनीच त्याला आनुवंशिक बखरीचा रखवालदार असे नाव दिले, आणि १९९३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाने त्या वर्षाचा मानकरी रेणू म्हणून त्याची निवड केली.

हा रखवालदार काम कसे करतो ते पाहण्यासारखे आहे. निरोगी पेशीत तो सतत तयार होतो आणि सतत नष्ट केला जातो. त्याच्या मागे एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन लावून दिलेले असते. ते त्याला धरते आणि पेशीच्या कचराकुंडीकडे पाठवते. त्याचे आयुष्य काही मिनिटांचे. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटेल. रोज शिपाई भरती करायचा आणि रोज त्याला काढून टाकायचा, हा कुठला कारभार? परंतु यातच खुबी आहे. संकट आले की नव्याने भरती करण्याची वाट पाहावी लागत नाही, फक्त बडतर्फी थांबवली की काम भागते. बखर फाटल्याची वर्दी येताच काही प्रथिने पी-५३ च्या अंगावर एक रासायनिक शिक्का मारतात. शिक्का पडला की एमडीएम-२ ची पकड सुटते आणि पाहता पाहता पेशीत पहारेकऱ्यांची गर्दी होते.

चार पी-५३ एकत्र येऊन एक चौकडी बनते. ही चौकडी बखरीतल्या ठरावीक ओळींवर जाऊन बसते आणि तेथील जनुकांना जागे करते. त्यांतील पी-२१ नावाचे जनुक पेशीचे विभाजन रोखून धरते. दरवाजा बंद! दुरुस्ती करणाऱ्यांना वेळ मिळतो. दुरुस्ती झाली तर दरवाजा पुन्हा उघडतो. नुकसान भरून न येण्यासारखे असेल तर हुकूम वेगळा निघतो : पेशीने आपला अंत आपणच करावा. आणि ती तो करते, आसपास कोणाला इजा न होऊ देता, आवराआवर करून. कडक उन्हात भाजून निघाल्यावर काही दिवसांनी कातडी सोलून निघते, ती बव्हंशी या हुकमाची अंमलबजावणी असते. ज्या पेशींची बखर उन्हाने जाळली, त्यांनी पुढे कर्करोगाचे बीज होण्याआधीच शरीराचा निरोप घेतलेला असतो.

आता घाताचे प्रकार. पहिला फितुरीचा. माणसांत होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी-५३ चे जनुकच बिघडलेले आढळते. इतक्या वारंवार बिघडणारे दुसरे जनुक नाही. बहुधा बिघाड एका अक्षराचा असतो. त्याने ३९३ घटकांपैकी एक घटक बदलतो. परंतु तो घटक नेमका बखरीला स्पर्श करणाऱ्या बोटांचा असला, तर पहारेकरी उभा असतो, दिसतो, पण त्याचा हात कडीपर्यंत पोहोचत नाही. १७५, २४८, २७३ या क्रमांकांच्या जागा तर या कामी कुप्रसिद्धच आहेत. दोन प्रतींपैकी एक शाबूत असताना निदान निम्मे काम तरी व्हावे असे वाटेल. पण इथे चौकडीची पद्धत आड येते. बिघडलेले व चांगले रेणू सारख्याच संख्येने तयार होत असले, तर चारही चांगले असण्याचा योग, साध्या हिशोबाने, सोळांत एक. एक फितूर तिघा इमानदारांना निकामी करू शकतो. शिवाय बिघडलेल्या प्रथिनाला एमडीएम-२ नीट हटवू शकत नाही, म्हणून ते साचत जाते. तपासणीसाठी काढलेला तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला म्हणजे जिथे काहीच दिसू नये तिथे पेशींची केंद्रे तपकिरी रंगाने भरलेली दिसतात, ती यामुळेच.

दुसरा प्रकार बाहेरच्या शत्रूचा. त्याची कथा मुंबईच्या एका विदुषीच्या आयुष्याला स्पर्शून जाते. पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ साली डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली आणि पुढील अभ्यासासाठी त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी वाढवण्याच्या विद्येत गाय यांचा हातखंडा होता. १९५१ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी वाढू लागल्या. तिला न विचारता घेतलेल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती वारली. तिच्या पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. रणदिवे स्वदेशी परतल्या आणि मुंबईला त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

हेन्रिएटाच्या त्या पेशी का मरत नव्हत्या, याचे उत्तर बऱ्याच काळाने मिळाले. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला १९८० नंतरच्या दशकात त्यांत एक मस्से उत्पन्न करणारा विषाणू दडलेला सापडला, आणि १९९० साली असे दिसून आले की या विषाणूचे ई-६ नावाचे प्रथिन पी-५३ ला धरून त्याचा नाश घडवून आणते. त्या पेशींतले पी-५३ चे जनुक मुळात निर्दोष होते. पहारेकरी फितूर झाला नव्हता. तो जागेवर येताच त्याला उचलून नेले जात होते. हे ज्ञान नुसते पुस्तकी राहिले नाही. या विषाणूविरुद्ध आज लस आहे आणि ती किशोरवयीन मुलींना वेळीच दिल्यास गर्भाशयमुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर टळतो. त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसऱ्या प्रकारात दोष ना पहारेकऱ्याचा ना शत्रूचा. काही गाठींत एमडीएम-२ चेच जनुक दोनाचे वीस-पन्नास होऊन बसते आणि ते इतके माजते की शिक्का पडो वा न पडो, चांगल्या पी-५३ लाही बडतर्फ करीत सुटते. वरिष्ठाच्या अतिउत्साहाने कामाचा माणूस घरी बसावा, तसे. हा प्रकार त्या मानाने विरळा.

फितुरी होते कशी, हा प्रश्न आपल्या देशात सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर पुन्हा वेशीपाशीच येऊन थांबते. लक्ष्मी गेट असो, पुण्यातली एखादी पेठ असो की नागपूरचा चौक असो, जिथे रहदारी तिथे पानाची टपरी. बुंदेलखंडात बिडी, खैनी आणि गुटखा. आपल्याकडे तंबाखूची डबी, चुना आणि मिसरी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपाने घेतात असे आढळले. त्यांत धूर न काढता चघळणारे वा लावणारे २१.४ टक्के. भारतीय पुरुषांच्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे, यात मग नवल ते काय?

या दोन गोष्टींचा संबंध मुंबईत फार पूर्वी ओळखला गेला. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे विकृतिशास्त्राचा विभाग सांभाळणाऱ्या खानोलकरांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी व एका सहकारी बाईंनी लोकांच्या सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले. एक धोतराची गाठ कमरेला जिथे काचते तिथला. दुसरा, चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्या आंध्र किनाऱ्यावरच्या लोकांच्या टाळूचा. आणि तिसरा, उत्तरेकडे खालचा ओठ व हिरडी यांच्या खोबणीत खैनी दाबून ठेवणाऱ्यांचा. जिथे पदार्थ टेकतो तिथेच रोग उपजतो, हे त्यांनी केवळ डोळसपणे पाहून ओळखले. त्या वेळी जनुक कशाचे बनलेले असते याविषयीही विद्वानांत मतभेद होता आणि पी-५३ चा शोध लागायला चौतीस वर्षे अवकाश होता.

दुवा जुळला तो १९९६ साली. तंबाखूच्या धुरात बेंझोपायरीन नावाचे एक डांबरी द्रव्य असते. शरीर त्याला विरघळवून बाहेर टाकण्याच्या खटपटीत त्याचे अधिक घातक रूप बनवते, आणि ते रूप बखरीच्या अक्षरांना चिकटते. ते पी-५३ च्या जनुकात नेमके कुठे चिकटते याचा शोध घेतला, तेव्हा १५७, २४८ व २७३ या जागा निघाल्या. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांच्या कर्करोगांत बिघडलेल्या जागाही त्याच. गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे इतक्या स्पष्टपणे क्वचितच मिळतात. असाच दुसरा ठसा भुईमुगाच्या व मक्याच्या दाण्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या विषाचा आहे. ते २४९ व्या जागी चूक घडवते आणि तिच्यातून यकृताचा कर्करोग उद्भवतो. ओलसर कोठारातले बुरसटलेले शेंगदाणे निवडून टाकणारी आजी अन्नाची नासाडी करीत नसते.

चघळण्याच्या तंबाखूत धूर नसतो, म्हणून ती निरुपद्रवी, असे समजणारे पुष्कळ आहेत. तिच्यात नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये असतात आणि तीही बखर बिघडवतात. सुपारीला तर आपण मंगलकार्यात मान देतो. पण तंबाखूविना खाल्लेले पान-सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली दिला. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, तोंड उघडेनासे होते. दोन बोटेही आत जात नाहीत, जेवणाचा घास लहान करावा लागतो. ही अवस्था कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते. महाराष्ट्राने २०१२ साली आणि उत्तर प्रदेशाने २०१३ साली गुटख्यावर बंदी घातली. व्यापाऱ्यांनी सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी केली, आणि गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर एकत्र करू लागले.

भारतीयांच्या तोंडाच्या कर्करोगातील जनुकांचे वाचन आपल्याच देशात झाले आहे. खानोलकरांच्या प्रयत्नाने १९५२ साली स्थापन झालेले कर्करोग संशोधन केंद्र पुढे टाटा रुग्णालयाशी एकरूप होऊन खारघरला गेले. तेथील संशोधकांनी आणि बंगालमधील कल्याणी येथील संस्थेने मिळून गाल व हिरडी यांच्या कर्करोगाचे ११० रुग्ण अभ्यासले. २०१३ साली निघालेल्या त्यांच्या निष्कर्षात वारंवार बिघडलेली दहा जनुके होती. काही अगदी नवी होती. परंतु यादीत आपला जुना परिचित पी-५३ होताच.

काही थोड्या कुटुंबांत हे जनुक जन्मतःच एका प्रतीत बिघडलेले असते. अशा कुटुंबांकडे १९६९ साली फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी या अमेरिकन डॉक्टरांनी लक्ष वेधले. लहान मुलांना स्नायूंचे व हाडांचे कर्करोग, तरुण मातांना स्तनांचे, आणि एकाच घरात पिढ्यान् पिढ्या. १९९० साली त्यांच्या मागचे कारण पी-५३ असल्याचे उलगडले. गावात अशा घराविषयी काय बोलले जाते ते सर्वांना ठाऊक आहे : कुणाचा तरी शाप, कुणाची तरी करणी, आणि मग त्या घरची मुलगी करून घ्यायला कोणी धजत नाही. वस्तुतः बखरीतल्या एका अक्षराची चूक, तिच्यात पापपुण्याचा संबंध नाही. ती प्रत्येक अपत्याकडे जातेच असेही नाही, निम्म्या अपत्यांकडे जाण्याचा संभव असतो. रक्ताच्या तपासणीने ते कळू शकते आणि ज्यांच्याकडे ती गेली, त्यांना वेळोवेळी तपासून गाठ लहान असतानाच पकडता येते. बाकीच्या बहुसंख्य कर्करोगांत पी-५३ चा बिघाड आयुष्यात मागाहून झालेला असतो. तो वारशाने मुलांकडे जात नाही आणि रुग्णाच्या ताटात जेवल्याने कोणाला लागतही नाही.

निसर्गाने या बाबतीत हत्तीवर मात्र विशेष मेहेरबानी केली आहे. इतके अवाढव्य शरीर, इतक्या पेशी, साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य. हिशोबाने पाहता हत्ती कर्करोगाने पटापट मरायला हवेत. तसे होत नाही. माणसाच्या एकेका बखरीत पी-५३ चे एकच जनुक, तर हत्तीच्या बखरीत त्याच्या वीस प्रती, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या पेशी जराशा इजेनेही स्वतःचा अंत करून घेतात. गजान्तलक्ष्मीच्या दारात वीस पहारेकरी आणि आपल्या दारात एक!

त्या एकाला पुन्हा कामावर आणता येईल काय? चीनने २००३ साली निर्दोष पी-५३ जनुक विषाणूवर लादून गाठीत टोचण्याच्या औषधाला परवानगी दिली, पण इतर देशांत ते मान्य झाले नाही. २२० व्या जागचा घटक बदलला की प्रथिनाच्या अंगावर एक खळगा पडतो आणि ते डळमळते. त्या खळग्यात पाचरीसारखा नेमका बसणारा आणि प्रथिनाला पुन्हा ताठ उभे करणारा लहानसा रेणू संशोधकांनी घडवला असून रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. एमडीएम-२ ची पकड सोडवणारी औषधेही कसोटीला लागली आहेत. मोडलेली गोष्ट बंद पाडणे औषधाला सोपे. मोडलेली गोष्ट पुन्हा चालू करणे कठीण. म्हणून हे काम सावकाश चालते.

तोवर उपचार शस्त्रक्रियेचे, किरणांचे आणि औषधांचे. झाशीला १९६८ पासून राणीच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१९ पासून वाराणसीला टाटा केंद्राचे मोठे रुग्णालय झाले आहे. तरीही २०२१ च्या अखेरीपासून वीरांगना लक्ष्मीबाई हे नाव धारण करणाऱ्या झाशीच्या स्थानकावरून पंजाब मेल मुंबईकडे निघते, तेव्हा कापडी पिशवीत कागदपत्रांची भेंडोळी घेतलेला, गालाला रुमाल लावलेला एखादा प्रवासी तिच्यात असतोच. तोंडाच्या आतला पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागताच होणारी आग, तोंड पूर्ण न उघडणे, ही चिन्हे आरशासमोर उजेडात उभे राहिल्यास घरबसल्या दिसतात. दंतवैद्याला ती दोन मिनिटांत पाहता येतात. चट्टा असताना सवय सुटली तर तो पुष्कळदा मावळतो, कारण चट्ट्यातल्या सगळ्याच पेशींचा पहारेकरी अजून फितूर झालेला नसतो.